विजेला जागा नेमताना

वाड्यात लाकूड किती असतं, याचा अंदाज वाड्यात उभा जन्म काढलेल्या माणसालाही नसतो. जोतं घडीव दगडाचं, भिंती विटामातीच्या, वर चुन्याचा गिलावा. त्यामुळे वाडा दगडामातीचा आहे असंच मनात बसलेलं असतं. पण पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत खरा भार वाहतो तो सागवान. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्या कडीपाटावर मातीचा थर चोपून केलेली वरच्या मजल्याची जमीन. भिंत बहुतेक ठिकाणी दोन खांबांमधली जागा तेवढी भरून काढते. दारं, चौकटी, जिने, फडताळं वेगळीच. दीडशे-दोनशे वर्षं वाळत आलेल्या या लाकडात खिळा ठोकायला गेलं तर खिळाच वाकतो. तरी ते लाकूडच, आणि लाकूड जळतं.

म्हणून वाड्याला सर्वांत मोठं भय आगीचं. शनिवारवाड्याचा दगडी कोट आणि बुरूज आज उभे आहेत. आतले मजले २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत गेले, आणि ती आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. १८७९ मध्ये बुधवार वाडा जळाला. दुसऱ्या बाजीरावासाठी १८०७ मध्ये बांधून झालेल्या विश्रामबाग वाड्यालाही १८७९ मध्येच आगीनं गाठलं. पुण्यात तेव्हा विजेचा दिवा नव्हता.

ज्यांनी वाडे बांधले त्यांना हे भय पुरतं ठाऊक होतं. जुन्या वाड्यात नुसती नजर फिरवली तरी ते कळतं. दिव्यासाठी भिंतीत कोनाडा ठेवलेला असतो, आणि तो खांबाला चिकटून नसतो. तिन्ही बाजूंनी माती आणि गिलावा. चूल बाहेरच्या भिंतीकडे, वर धुराडं. चौकात आड किंवा हौद. समई देवघरात, पणती वृंदावनापाशी, हंड्या मधल्या खणात छतापासून साखळीनं खाली सोडलेल्या. अग्नीशिवाय घर चालत नाही आणि अग्नी मोकळा सोडला तर घर राहत नाही, हे जाणून त्या लोकांनी घरात प्रत्येक ज्योतीला जागा नेमून दिली होती. रात्री शेवटचा दिवा शांत करणारं माणूसही ठरलेलं असे.

वीज मात्र वाड्यात आली ती जागा न नेमता. वाडा आधीच पुरा झाला होता. ती मिळेल तिथून शिरली, तुळईच्या कडेनं गेली, पाटाला भोक पाडून माडीवर चढली आणि पुढे ज्याला जिथे हवी तिथे त्यानं ती ओढून नेली. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याचं वायरिंग बदलायला काढलं तेव्हा मला हे नीट दिसलं. वायरिंग बदलायचं म्हणजे विजेला घरात जागा नेमून द्यायची, जी वाडा बांधणाऱ्यांनी दिव्याला दिली होती. हे काम पिढ्यान् पिढ्या राहून गेलं होतं.

आमच्या माडीवर सर्वांत जुनं वायरिंग होतं. आजोबांनी वीज घेतली तेव्हाचं. सागवानी पट्टीत दोन खाचा, एकीत फेजची तार, दुसरीत न्यूट्रलची, वरून लाकडी झाकणपट्टी आणि ठरावीक अंतरावर पितळी स्क्रू. केसिंग-कॅपिंग म्हणतात त्याचा हा मूळ, लाकडी प्रकार. कोपऱ्यात पट्टीचे सांधे इतके नेमके जुळवलेले की मधे नख जाऊ नये. आमच्या वायरमनकाकांनी एक झाकणपट्टी उघडली आणि टॉर्च धरून मला जवळ बोलावलं. तारेवरची विणलेली सुती खोळ शाबूत होती, नुसती काळवंडलेली. त्यांनी ती दोन बोटांत धरून हलकेच वाकवली. खोळीच्या आतलं रबर कडकन तडकलं आणि त्याचा भुगा पट्टीतून खाली पडला. खालची तार उघडी पडली ती तांबूस नव्हती, राखी-पांढरी होती.

“कल्हई आहे ताई,” ते म्हणाले. “त्या काळच्या तांब्याच्या तारेला कल्हई असायची.”

रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात आणि गंधक तांब्याला खातो. म्हणून तारेच्या प्रत्येक धाग्यावर कथलाचा पातळ मुलामा दिलेला असे. पातेल्यातलं आंबट कळकू नये म्हणून आजीनं जी युक्ती स्वयंपाकघरात केली, तीच माडीवरच्या तारेत होती. कल्हई टिकली होती, तांबं टिकलं होतं, सागवान तर टिकलाच होता. गेलं होतं ते रबर. उष्णतेनं आणि हवेनं ते वर्षानुवर्षं कडक होत जातं. त्याचा लवचीकपणा संपला की तार उघडी पडायला फक्त एक धक्का पुरतो.

तो धक्का आजवर बसला नव्हता. माझे चुलते, आप्पा, म्हणत होते, “वडिलांनी घातलेलं वायरिंग आहे. इतक्या वर्षांत कधी ठिणगी उडाली नाही.” ते खरं होतं. जुन्या तारेला कुणी हात लावत नाही तोवर ते कडक रबर जागच्या जागी उभं असतं. मग कुणी पंखा बदलतं, कुणी एक पॉइंट वाढवतं, कुणी बोर्ड सरकवतं, आणि त्या एका हालचालीनं हातभर अंतरापर्यंतचं रबर आतल्या आत फुटतं. बाहेरून खोळ तशीच दिसते. त्यामुळे जुन्या वायरिंगला ठिगळ लावणं हे त्याला आहे तसं ठेवण्यापेक्षाही वाईट. बदलायचं तर ते सर्किट पेटीपासून शेवटच्या दिव्यापर्यंत पुरतं बदलायचं.

खालच्या मजल्यावरचं वायरिंग वेगळं होतं, आणि त्याचं कारण पेठेत सगळ्यांना माहीत आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांमधून पाणी शिरलं. मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे त्या दिवशी बसले. आमचा उभा राहिला, पण ओसरी, माजघर, स्वयंपाकघर चिखलात गेलं. पाणी ओसरल्यावर खालचं सगळं वायरिंग उपसून काढलं आणि नवं घातलं. ते भिंतीत लाकडी गुट्ट्या बसवून, त्यांवर सागवानी पट्टी आणि पट्टीवर टिनच्या क्लिपांनी आवळलेली रबरी वायर, अशा प्रकारचं. मागच्या अंगणातल्या बिऱ्हाडांकडे तिसराच थर होता. देशात तांब्याची टंचाई होती तेव्हा घरोघरी अ‍ॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या, त्यांतला. अ‍ॅल्युमिनियम मऊ, स्क्रूखाली दाबलं की काळानं आणखी दबतं, सांधा सैल होतो, त्यावर हवेनं गंज धरतो, आणि सैल सांधा तापतो. त्याला कुणी तांब्याची तार पिळून जोडली असेल तर आणखी लवकर.

एका वाड्यात तीन काळ होते आणि प्रत्येक काळाचा आपला दोष होता. मला यात कुणाला बोल लावावासा वाटत नाही. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली. त्या भाड्यात घरमालकानं कौलं शाकारायची की वायरिंग बदलायचं? आणि जी खोली आपली नाही तिच्यावर भाडेकरूनं तरी का खर्च करायचा? गरज मात्र थांबत नाही. मग ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं एकेक वायर पुढे ओढली.

गरज किती वाढली हे हिशोबानं पाहावं. आजोबांच्या वेळी माडीवर चाळीस-चाळीस वॉटचे पाच दिवे होते. सगळे एकदम लावले तरी २०० वॉट, म्हणजे एक अँपिअरहूनही कमी. आज तिथल्या न्हाणीत २,००० वॉटचा गिझर हवा. वीज दहापट. पण तारेतली उष्णता दहापट होत नाही. ती विजेच्या प्रवाहाच्या वर्गानं वाढते, म्हणजे शंभरपट. ही उष्णता कुठे निघते? त्या कडक झालेल्या रबरात, लाकडी पट्टीच्या खाचेत, वाळक्या सागवानाला टेकून. इंडक्शनची शेगडी, मिक्सर, एअर कंडिशनर ही यादी मग आपोआप पुढे जाते.

इथे फ्यूजनं आपलं काम करायला हवं. चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमधली ती बारीक तार वितळते ती भिंतीतली तार वाचवण्यासाठी. पण फ्यूज वारंवार उडू लागला की माणसं फ्यूजलाच दोष देतात आणि त्यात जाड तार घालतात. आमच्याकडच्या एका फ्यूजमध्ये चक्क वायरचे पाच-सहा धागे पिळून घातलेले सापडले. त्यानंतर तो फ्यूज उडायचा थांबला होता आणि सगळ्यांना बरं वाटलं होतं. खरं तर त्या दिवसापासून भिंतीतली तार हाच त्या घराचा फ्यूज झाला होता.

जुन्या पद्धतीत आणखी एक खोड आहे. फेजलाही फ्यूज आणि न्यूट्रललाही. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, माणूस समजतो वीज गेली, आणि होल्डरमध्ये मात्र फेज जिवंत असते. म्हणून आता न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज घालत नाहीत. बटणही फेजमध्येच हवं. आमच्या खालच्या दोन खोल्यांत ते न्यूट्रलमध्ये होतं. बटण बंद करून बल्ब बदलणारा प्रत्येक हात इतकी वर्षं जिवंत होल्डरला लागत होता.

पण खरा गुंता कळला तो जिन्याच्या दिव्यावरून. काम सुरू करायच्या आधी वायरमनकाकांनी आमच्या हिश्शाचा मेन स्विच खाली केला आणि टेस्टर घेऊन सगळीकडे फिरले. माजघर बंद, माडी बंद, देवघर बंद. जिन्यातला दिवा जळतच होता. त्यांनी चुलतभावाच्या घरचा मेन बंद करायला सांगितला, दिवा विझला. मग त्या दिव्याच्या दोन्ही तारा मागे मागे शोधत गेले. फेज चुलतभावाच्या मीटरवरून येत होती. न्यूट्रल परत जात होती मागच्या बिऱ्हाडाच्या मीटरवर.

हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. आजोबांच्या पाठीमागे तिघा भावांच्या वाटण्या झाल्या. वाटणीपत्रात प्रत्येक खणाचा उल्लेख आहे. चौक सामाईक, दिंडी सामाईक, आड सामाईक, असं सविस्तर लिहिलेलं आहे. मधे एक भिंत उठली, एक दार बुजवलं, वेगळे मीटर बसले. तारांबद्दल त्या कागदात अक्षर नाही. माणसं वेगळी झाली, तारा एकत्रच राहिल्या. पुढे प्रत्येक बिऱ्हाडाला नवा दिवा लागला तेव्हा जी न्यूट्रल जवळ सापडली तिला तो जोडला गेला.

अशा उसन्या न्यूट्रलचा धोका दुहेरी आहे. एकाच्या घरातून गेलेली वीज दुसऱ्याच्या तारेतून परतते, म्हणजे त्या तारेवर किती भार आहे हे त्या घराला कळतच नाही. आणि दुसरं, एखाद्यानं आपला मेन बंद करून निर्धास्तपणे न्यूट्रलचा सांधा उघडला, तर शेजारच्या दिव्यातून आलेली वीज त्याच्या हातातून वाट काढू शकते. मेन बंद केला की घर बंद झालं, हा विश्वास ज्या घरात ठेवता येत नाही त्या घरात दुरुस्ती करणाऱ्याचा जीव पणाला लागतो.

म्हणून आम्ही सगळे ओसरीवर बसलो. आप्पा, चुलतभाऊ आणि त्याची बायको, मागची दोन्ही बिऱ्हाडं, वायरमनकाका आणि कंत्राटदार. सुरुवातीला बोलणं व्हायचं तेच झालं. आपापल्या हिश्शाचं आपण करू, बाकीच्यांनी आपलं बघावं. वायरमनकाका ऐकून घेत होते. मग म्हणाले, “आप्पा, तुमचं मी आज बदलून देतो. पण मागच्या खोलीत सांधा तापला तर जाळ तुमच्या कडीपाटालाच लागणार. कडी एकच आहे ना वाड्याची?”

कडी एकच होती. त्या वाक्यानं जे झालं ते माझ्या आर्जवांनी झालं नव्हतं. खर्च कसा वाटायचा ते त्याच बैठकीत ठरलं. सामाईक भाग आणि अर्थिंग हिश्श्यांप्रमाणे, आतलं वायरिंग ज्याचं त्यानं, भाडेकरूंच्या खोल्यांतलं मालकांनी. जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची, असं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाही सांगतो. वाटणीत सगळं वाटून घेता येतं. सुरक्षितता वाटून घेता येत नाही. ती सगळ्यांची मिळून असते, नाही तर कुणाचीच नसते.

यानंतरचा प्रश्न होता लाकडाचा. आजच्या फ्लॅटमध्ये भिंतीला खाच मारून पाइप गाडतात तसं वाड्यात करायला मी ठाम नाही म्हटलं, आणि कारणं सगळ्यांना समजावून सांगितली. खांबांमधली भिंत कच्च्या विटांची, मातीत रचलेली. तिला आडवी खाच मारली की तिचं बळ जातं. खाच सिमेंटनं बुजवली तर चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती शेजारून फुटते आणि गिलाव्याला पोपडे धरतात. जिथे खाच टाळताच आली नाही तिथे ती उभी मारली, लहान ठेवली आणि चुन्यानंच भरली. तुळईला आणि खांबाला कुठेही खाच नाही, कोरीव कामाला खिळा नाही. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर काम काढण्याआधी हेरिटेज विभागाला विचारून घ्यावं. आणि यादीत नसला तरी नियम हेच पाळावेत.

मग तारा न्यायच्या कुठून? उघड्यावरून. तुळईच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे ती कडीपाटाला भेटते, तिथे सावली असते. त्या सावलीतून काळ्या रंगाचा लोखंडी पाइप नेला. लोखंडी यासाठी की कडीपाटावरच्या मातीत उंदीर घरं करतात आणि प्लॅस्टिक कुरतडतात. शिवाय आतली तार पेटलीच तर लाकूड आणि जाळ यांच्यामध्ये धातू असावा. लोखंडी पाइप वापरला की त्याला अर्थिंग जोडावंच लागतं, सांध्यासांध्यापर्यंत. आत ज्वालारोधक, कमी धूर करणारी तांब्याची तार. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, सोळा अँपिअरच्या पॉइंटला अडीच, गिझर आणि एअर कंडिशनरला चार. प्रत्येक सांधा पेटीत, आणि प्रत्येक पेटी उघडता येईल अशा जागी. पाटाच्या आत, मातीत, भिंतीत दडवलेला एकही सांधा नको, कारण सैल सांधा तापतो तेव्हा साध्या ब्रेकरला त्याचा पत्ता लागत नाही. तो शोधायला डोळा आणि नाकच लागतं.

जुनी गोल बटणं, चिनीमातीची बैठक आणि वर पितळी टोपी असलेली, सगळ्यांनाच हवी होती. ती सुंदर आहेतच. पण पितळी टोपीला अर्थिंग नसतं, आणि आतली पट्टी सैल झाली की टोपीच जिवंत होते. आम्ही ती तारा तोडून, जागच्या जागी, भिंतीवर ठेवली. पाहण्यासाठी ती राहिली आणि वापरण्यासाठी शेजारी नवी आली. जुनी वस्तू जपायची म्हणजे तिच्याकडून जुनं काम करवून घेत राहायचं, असं नाही.

अर्थिंगचा शोध हा स्वतंत्र अध्याय झाला. खालच्या मजल्यावर तीन पिनांचे पॉइंट होते आणि तिसऱ्या भोकातून एक बारीक तार न्हाणीघराच्या नळाकडे गेलेली होती. पूर्वी बऱ्याच घरांत असंच करत. पाण्याचा लोखंडी नळ जमिनीत दूरवर गेलेला असे, त्यामुळे अर्थिंग मिळून जाई. पुढे नळ गंजले आणि त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे आले. त्या दिवशी वाड्याचं अर्थिंग गेलं. कुणाला कळलं नाही, कारण अर्थिंग नसल्यानं दिवा विझत नाही. उलट वाईट हे की एखाद्या उपकरणात वीज उतरली तर ती त्या तारेनं न्हाणीतल्या उरलेल्या धातूच्या नळापर्यंत पोचणार आणि तिथेच थांबणार, ओल्या हाताची वाट पाहत.

नवं अर्थिंग चौकात घेतलं. अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला नळ उभा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. इमारतीपासून किमान दीड मीटर दूर असावं, असं अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, सांगितलेलं आहे. आमच्याकडे एका बाजूला दगडी जोतं, दुसऱ्या बाजूला आड, मधे वृंदावन. जागा मिळायला आखणी करावी लागली. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं काम आता आप्पांनी आपणहून घेतलं आहे. वृंदावनाला पाणी घालतात तेव्हा तिथेही घालतात.

चौकातून तार आली ती दिंडीतल्या पेट्यांपर्यंत. मीटर आणि त्याची सीलं महावितरणची, त्यांना हात लावायचा नाही; ते काम त्यांच्याकडे अर्ज करून त्यांच्याच माणसांकडून. पूर्वी सगळे मीटर एका लाकडी फळीवर होते. ती फळी गेली. प्रत्येक घराची स्वतंत्र पत्र्याची पेटी, विटांच्या भिंतीवर, लाकडापासून लांब, पावसाची झड पोचणार नाही अशा उंचीवर. प्रत्येक पेटीत तारेच्या जाडीला शोभतील असे एमसीबी. ब्रेकर निवडताना यंत्राची गरज न पाहता तारेची ताकद पाहायची. इथे पुन्हा तीच चूक झाली तर नव्या पेटीचा उपयोग त्या जाड तार घातलेल्या फ्यूजइतकाच.

एमसीबीच्या आधी आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ती सतत तोलत असते. दोन्हींत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी तिसऱ्याच वाटेनं, एखाद्या माणसाच्या अंगातून किंवा ओल्या लाकडातून, जमिनीकडे चालली आहे असं समजून ती क्षणाच्या लहान भागात सगळं तोडते. चाळीस वॉटच्या बल्बला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका हा प्रवाह. हिशोब इतका काटेकोर असल्यामुळे उसनी न्यूट्रल तिला चालत नाही. जिन्याच्या दिव्यासारखी जोडणी तशीच ठेवली असती तर तो दिवा लावताच पेटी बंद पडली असती. जुन्या घरांत नेमकं हेच होतं, माणसं वैतागतात आणि ‘सारखी उडते’ म्हणून आरसीसीबी काढून टाकतात. ती उडत असते कारण घरात काही तरी चुकलेलं असतं आणि ती खरं सांगत असते. आधी तारा सोडवून ज्याची न्यूट्रल त्याला द्यावी, मग ती बसवावी.

हे सगळं परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं असतं, तसा कायदाच आहे, आणि काम संपल्यावर तपासणीचा अहवाल लेखी घ्यायचा असतो. त्यातली एक चाचणी मला प्रत्येक वाडेकऱ्यानं आपल्या डोळ्यांनी पाहावीशी वाटते. बल्ब काढायचे, सगळी उपकरणं सोडवायची, मेन बंद करायचा आणि ५०० व्होल्टचा मेगर लावायचा. तारेवरचं आवरण किती शाबूत आहे ते तो काटा सांगतो. वायरमन लोकांचा जुना हिशोब असा: ५० ला पॉइंटांच्या संख्येनं भागा, येईल तितके मेगोहम तरी मिळाले पाहिजेत. पन्नास पॉइंट असतील तर एक. ही चाचणी भर उन्हाळ्यात करून समाधान मानू नये. वाळलेलं लाकूड आणि कोरडी भिंत खराब तारेलाही सांभाळून घेतात. आषाढात, भिंती ओल धरून असताना मेगर लावावा. तेव्हा घर काही लपवत नाही. आमच्या माडीवरच्या जुन्या तारांनी मे महिन्यात बरा आकडा दाखवला होता, जुलैत काटा शून्याला जाऊन टेकला. बदलायचं की नाही, ही चर्चा तिथे संपली.

वाडा जपायचा म्हटलं की पैसे आधी दिसणाऱ्या गोष्टींवर जातात. खांबांना तेलपाणी, दिंडीला रंग, चौकात फरशी, गणपतीच्या दिवसांत रोषणाई. या गोष्टी मलाही प्रिय आहेत. पण कडीपाटाखाली साठ-सत्तर वर्षांचं रबर ठेवून त्यावर रोषणाईच्या माळा चढवणं म्हणजे त्या लाकडावर आपलं प्रेम आहे हे म्हणणं खोटं पाडणं. दुरुस्तीचा पहिला रुपया तारेवर गेला पाहिजे. बटणाभोवतीचा तपकिरी डाग, मिक्सर लावला की मंदावणारा दिवा, नळाला हात लावताच येणाऱ्या झिणझिण्या, बोर्डाजवळचा जळका वास, यांतलं एक जरी दिसलं तरी मेन बंद करून माणूस बोलवावा, सण-सुट्टी न पाहता.

वाड्यात टिकणारं काय आणि झिजणारं काय, हे ओळखण्यात वाडा जपण्याचं निम्मं शहाणपण आहे. दगड टिकतो, सागवान टिकतो, नीट राखला तर चुनाही टिकतो. तारेवरचं आवरण झिजतं; आजोबांचं झिजलं, पानशेतनंतरचं झिजलं, आज घातलेलंही आणखी काही दशकांनी झिजेल. म्हणून काम संपताच आम्ही कोणती तार कुठून कुठे गेली, कोणता सांधा कोणत्या पेटीत आहे, कोणती पेटी कुणाच्या मीटरवर आहे याचा नकाशा काढला, तारीख घातली आणि प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून लावला. एक प्रत वाटणीपत्रासोबत ठेवली. जी गोष्ट त्या कागदात राहून गेली होती ती आता त्याच्या शेजारी आहे. पुढच्या पिढीला वायरिंग बदलायची वेळ येईल तेव्हा तिला भिंत फोडावी लागणार नाही, खांबाला खिळा मारावा लागणार नाही आणि कुणाचा मेन बंद करायचा हे विचारत फिरावं लागणार नाही. पाइपातून जुनी तार ओढून काढायची, नवी घालायची, एवढंच तिचं काम राहील. सागवान सांभाळणं आमच्या वाट्याला आलं, तसं ते तिच्याही वाट्याला यावं, म्हणून हा खटाटोप होता, आणि ज्यांच्या डोक्यावर अजून कडीपाट आहे त्या प्रत्येकानं तो करावा.